खेळाची गोडी आणि मोजण्याचा तराजू



गावच्या शाळेचे मैदान घ्या किंवा तालमीचा आखाडा घ्या. हंगामाच्या सुरुवातीला पंचवीस-तीस मुले उत्साहाने येतात. कोणी कबड्डीत चढाई करतो, कोणी खो-खोत पाठलाग करतो, कोणी लांब उडीच्या खड्ड्यापाशी घुटमळतो. घाम सगळ्यांचाच गळतो. पण चार-सहा महिन्यांनी पाहावे तर त्यांतली निम्मी मुले दिसेनाशी झालेली असतात. जी राहिली ती का राहिली आणि जी गेली ती का गेली, असे कोणी विचारले तर आपले उत्तर ठरलेले असते : "अहो, त्याच्यात जिद्दच नव्हती." एवढे बोलून आपण मोकळे होतो.

ही जिद्द, ही ओढ, ही खेळाची गोडी खरोखर मोजता येते का, हा आजचा पहिला प्रश्न. आणि ती एका देशात, एका भाषेत मोजण्याचे साधन तयार झाले असेल, तर ते दुसऱ्या देशातल्या, दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांना तसेच लावता येईल का, हा दुसरा. शिक्षकांना हा विषय जवळचा आहेच. पण ज्यांची मुले-मुली पहाटे उठून धावायला जातात, त्या आईबापांच्याही तो उपयोगाचा आहे.

आपल्याकडे पूर्वी धान्य मापाने मोजत. शेर, पायली, मण ही नावे सगळीकडे तीच. पण एका भागातली पायली दुसऱ्या भागातल्या पायलीशी जुळेलच असे नसे. तेव्हा "आमच्याकडे वीस पायल्या पिकल्या, तुमच्याकडे पंधराच" असे कोणी म्हणाले, तर शहाणा मनुष्य आधी विचारी, "पायली कुठली?" पुढे १९५६ साली कायदा झाला, १९५८ पासून मेट्रिक वजनमापे येऊ लागली, आणि धान्यापुरता तो घोळ मिटला. मनाच्या बाबतीत मात्र तो अजून मिटायचा आहे. तिथे प्रत्येक भाषेची पायली वेगळी आहे, आणि ती वरून पाहून ओळखू येत नाही.

आता मन मोजायचे म्हणजे काय करायचे? वजनकाट्यावर तर ते ठेवता येत नाही. मानसशास्त्रज्ञांनी यासाठी जो मार्ग धरला तो साधा आहे. खेळाडूलाच विचारायचे, "बाबा रे, तू का खेळतोस?" पण मोकळा प्रश्न विचारला तर शंभर मुले शंभर तऱ्हेची उत्तरे देतात आणि ती शेजारी-शेजारी ठेवून पाहता येत नाहीत. म्हणून त्यांनी शक्य त्या कारणांची वाक्ये लिहून काढली आणि खेळाडूला सांगितले की, प्रत्येक वाक्य तुला किती लागू पडते ते आकड्याने दाखव. अशा कागदाला प्रश्नावली म्हणतात.

या प्रश्नावल्यांच्या मुळाशी एक विचार आहे, तो आधी समजून घेऊ. १९७१ साली एडवर्ड डेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने काही विद्यार्थ्यांना ठोकळे जुळवण्याचे कोडे दिले. कोडे मजेदार होते, मुले आपणहून त्यात रमत. मग काही जणांना एक कोडे सुटले की एक डॉलर, असा मोबदला दिला. पुढच्या खेपेला मोबदला बंद केला. तेव्हा असे दिसले की, ज्यांना पैसे मिळाले होते ती मुले मोकळ्या वेळात कोड्याला पूर्वीपेक्षा कमी हात लावू लागली. आतून आलेली गोडी बाहेरच्या बक्षिसाने थोडी उणी झाली होती. या कामातून डेसी आणि त्याचे सहकारी रिचर्ड रायन यांनी पुढे एक सिद्धांत मांडला. त्यावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९८५ साली निघाला. त्याचे सार असे की, माणूस एखादी गोष्ट करतो ती किती जोराने करतो एवढेच पाहून भागत नाही. ती त्याच्या स्वतःच्या मनातून आली आहे की त्याच्यावर लादली गेली आहे, हेही पाहावे लागते.

या सिद्धांताच्या आधारे कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात रॉबर्ट व्हॅलेरँड, ल्यूक पेलेटिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळाडूंसाठी एक प्रश्नावली तयार केली. क्वेबेकची भाषा फ्रेंच, म्हणून मूळ प्रश्नावलीही फ्रेंच. तिचे इंग्रजी रूप १९९५ साली प्रसिद्ध झाले. तिच्यात २८ वाक्ये आहेत. चार-चार वाक्यांचे सात गट, आणि प्रत्येक वाक्याला १ पासून ७ पर्यंत आकडा द्यायचा.

हे सात गट आपण आपल्या भाषेत सांगू. पहिला गट, "कशाला खेळतो कोण जाणे" असे म्हणणाऱ्याचा. दुसरा, बक्षिसासाठी, नावासाठी किंवा कोणी सांगितले म्हणून खेळणाऱ्याचा. तिसरा, नाही गेलो तर मनाला टोचणी लागते म्हणून जाणाऱ्याचा. इथे कोणी मागे काठी घेऊन उभे नसते, पण काठी मनातच असते. चौथा, खेळाने आपले भले होते हे पटल्यामुळे खेळणाऱ्याचा. उरलेले तीन गट निखळ गोडीचे : एकाला नवीन डाव शिकण्यात आनंद, दुसऱ्याला अवघड गोष्ट साधण्यात आनंद, आणि तिसऱ्याला खेळताना अंगावर जो काटा येतो त्यातच आनंद.

तुम्ही विचाराल, हे गट पाडून उपयोग काय? उपयोग आहे. याच मंडळींनी २००१ साली कॅनडातल्या तरुण जलतरणपटूंचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुले-मुली पोहण्याच्या स्पर्धांची तयारी करीत होती. त्यांच्याकडून प्रश्नावली भरून घेतली आणि मग कोण टिकतो, कोण सोडतो याची पाहणी १० महिन्यांनी आणि पुन्हा २२ महिन्यांनी केली. मनाच्या टोचणीने येणारी मुले १० महिन्यांच्या पाहणीत टिकलेली दिसली. पण २२ महिन्यांपर्यंत त्या टोचणीचा जोर ओसरला होता. ज्यांना पोहणे आवडत होते किंवा मनापासून पटलेले होते, ती पुढेही टिकली. म्हणजे बघा, धाकाने किंवा शरमेने मूल पहिले वर्ष मैदानावर येते. त्याच्याकडे पाहून आपल्याला वाटते, काय जिद्दीचा पोरगा आहे! पण आत गोडी नसली तर दुसऱ्या वर्षी तो दिसत नाही. हा धडा कुठल्याही शिक्षकाने घ्यावा असा आहे.

साधन उपयोगी ठरल्यावर ते प्रवासाला निघाले. स्पॅनिश, ग्रीक, तुर्की अशा कितीतरी भाषांत त्याची भाषांतरे झाली. त्याच्याच सोबतीने जोन डुडा या अमेरिकन बाईंनी केलेली एक १३ वाक्यांची प्रश्नावलीही देशोदेशी गेली. "खेळात मी यशस्वी झालो असे मला केव्हा वाटते" हे ती विचारते. स्वतः मेहनत करून काही नवीन जमले म्हणजे, की दुसऱ्यांवर मात केली म्हणजे? आणि इथेच पायलीचा प्रश्न उभा राहिला.

पहिली अडचण शब्दांची. मराठीचेच उदाहरण घेऊ. समजा, उद्या अशी प्रश्नावली आपल्याला मराठीत करायची आहे. मुळातल्या मुख्य शब्दाला पुस्तकी मराठीत 'प्रेरणा' म्हणतात. आता आठवीतल्या मुलाला विचारा, "तुझी खेळामागची प्रेरणा काय?" तो थोडा विचार करून सांगेल, "माझे वडील," किंवा "सचिन तेंडुलकर." त्याचे चुकले का? मुळीच नाही. मराठीत प्रेरणा बहुधा कोणाकडून तरी मिळते. मुलाने 'कोणाकडून' या प्रश्नाचे उत्तर दिले, आपल्याला हवे होते 'कशासाठी' याचे.

मग गावात लोक खेळाविषयी बोलताना कोणते शब्द वापरतात? "त्याला कुस्तीचा नाद आहे." "तिला पळायची हौस आहे." "पोराला कबड्डीचं वेड लागलंय." "ईर्ष्येला पेटलाय." "अंगात रग आहे, ती जिरवायला येतो." किती शब्द, आणि प्रत्येकाची छटा वेगळी! हौस म्हटली की तिच्यात आनंद आला, पण थोडे 'वरकड' असेही आले. हौस म्हणजे काही पोटापाण्याचा उद्योग नव्हे. नाद कौतुकानेही म्हणतात आणि निंदेनेही. ईर्ष्या हा शब्द कोणाला चांगला वाटेल, कोणाला वाईट. भाषांतर करणारा यांतला जो शब्द उचलील त्याप्रमाणे मुलांचे आकडे वर-खाली होतील. मुले तीच, मन तेच, आकडा मात्र वेगळा.

याहून नाजूक उदाहरण तिसऱ्या गटाचे, म्हणजे मनाच्या टोचणीचे. मुळात वाक्यांचा भाव असा की, मी सरावाला वेळ दिला नाही तर मला अपराध्यासारखे वाटते. 'अपराधी' हा शब्द गावातले मूल सरावाच्या बाबतीत कधी वापरील? तो कोर्टातला वाटतो. म्हणून एखादा चांगला भाषांतरकार बोलीतला शब्द घेईल : "एक दिवस तालीम चुकली तर मला चुकल्यासारखं वाटतं." वाक्य कानाला गोड लागते. पण श्रोतेहो, नीट ऐका. 'चुकल्यासारखं वाटतं' याचा एक अर्थ, माझ्या हातून चूक झाली असे वाटते. आणि चुकल्याचुकल्यासारखं वाटणं म्हणजे काहीतरी हरवल्यासारखे, करमत नसल्यासारखे वाटणे. लेक सासरी गेली की घरात चुकल्याचुकल्यासारखं होतं, तसे. पहिल्या अर्थाचा मुलगा टोचणीने येतो. दुसऱ्या अर्थाचा मुलगा प्रेमाने येतो. दोघेही त्याच वाक्यापुढे ७ हा आकडा लिहितील, आणि आपण दोघांनाही एकाच दावणीला बांधू! आणि मघाशी पाहिले त्याप्रमाणे, दोन वर्षांनी यांच्यापैकी एक टिकण्याची शक्यता अधिक, दुसऱ्याची कमी.

अशा चुका टाळण्यासाठी अभ्यासकांनी उलट भाषांतराची युक्ती काढली. रिचर्ड ब्रिस्लिन या अभ्यासकाने १९७० साली तिच्यावर एक महत्त्वाचा निबंध लिहिला. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावरच्या विद्यापीठात दहा भाषांतले ९४ द्वैभाषिक लोक घेऊन त्याने भाषांतराची पारख केली होती. युक्ती अशी : एकाने मूळ मजकूर आपल्या भाषेत आणायचा. मूळ कधीही न पाहिलेल्या दुसऱ्याने तो पुन्हा मूळ भाषेत न्यायचा. मग दोन्ही मजकूर शेजारी ठेवून पाहायचे. जिथे फरक पडला तिथे पुन्हा काम करायचे.

युक्ती चांगली आहे, पण तिच्याने सर्व भागत नाही. उलट भाषांतर करणारा हुशार असला, तर तो वाकडेतिकडे मराठीसुद्धा अंदाजाने सरळ करतो. त्याने 'चुकल्यासारखं'चे पुन्हा 'अपराध्यासारखे' केले, की कागदोपत्री सर्व काही ठीक! शिवाय हे दोघेही शिकलेले, दोन्ही भाषा येणारे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाला त्या वाक्यातून काय कळले, हे त्यांना कुठून ठाऊक? म्हणून पुढची पायरी अशी की, थोड्या मुलांना एकेकटे बसवायचे, वाक्य वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "यातून तुला काय समजलं? तुझ्या शब्दांत सांग." या एका प्रश्नाने जे उघडे पडते, ते शब्दकोश चाळून पडत नाही. आणि कधी कधी मूळ भाषेतलेच वाक्य बदलावे लागते, कारण ते फक्त त्याच देशात शोभणारे असते. दोन्ही भाषांतली वाक्ये एकमेकांजवळ सरकवीत न्यायची, एकीने दुसरीपुढे नमायचे नाही, हीही पद्धत अभ्यासकांनी मान्य केलेली आहे.

आता दुसरी अडचण, आकड्यांची. आपण किराणा दुकानात जुना तराजू पाहिलेला असेल. त्याची दोन पारडी रिकामी असतानाही कधी कधी सारखी राहत नाहीत. मग दुकानदार हलक्या बाजूला छोटासा खडा बांधतो. त्याला आपण पासंग म्हणतो. पासंग न पाहता तोलले, तर प्रत्येक वजन थोडेथोडे चुकते.

माणसांच्या उत्तरांनाही असा पासंग असतो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जपान, तैवान, कॅनडा आणि अमेरिका इथल्या माध्यमिक शाळांतल्या मुलांची उत्तरे तपासली होती. जपान आणि तैवानची मुले मधला आकडा अधिक वेळा निवडीत. अमेरिकन मुले टोकाचा आकडा अधिक वेळा निवडीत. फरक फार मोठा नव्हता, पण होता. एकाला 'फार, फार' म्हणायची सवय, दुसऱ्याला 'बरं आहे' म्हणायची. आपल्याकडेही एखाद्या शेतकऱ्याला "यंदा पीक कसं काय?" म्हणून विचारा. भरघोस आले असले तरी तो म्हणेल, "बरं आहे, चाललंय." त्याच्या 'बरं'चे वजन ज्याला ठाऊक आहे त्यालाच त्याच्या कणगीचा अंदाज येतो.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. कागद बहुधा गुरुजी वाटतात आणि गुरुजीच गोळा करतात. "मित्रांपेक्षा मी सरस ठरलो की मला आनंद होतो" अशा अर्थाचे वाक्य समोर आले, तर चांगल्या वळणाचे मूल बिचकते. स्वतःची बढाई मारू नये, हे त्याला घरी शिकवलेले असते. ते लहानसा आकडा लिहिते. म्हणजे त्याला जिंकण्याची इच्छा नाही का? मैदानावर जाऊन पाहा, म्हणजे कळेल! आणि "मला सराव फार आवडतो" या वाक्यापुढे तेच मूल ७ लिहिते, कारण गुरुजींना काय आवडेल हे त्याला पक्के ठाऊक असते.

सात पायऱ्यांची शिडीही मुलांना अवघड जाते. ५ आणि ६ मध्ये फरक काय, हे मोठ्यांनाही सांगता येत नाही. आपल्या भाषेत एक जुनी मोजणी आहे : सोळा आणे खरे, बारा आणे, आठ आणे, चार आणे, आणि मुळीच नाही. नाणी गेली तरी वाडवडिलांच्या बोलण्यात ती राहिली. आजच्या मुलांना आणे कळणार नाहीत, हे खरे. पण भाकरीचे चतकोर तर कळतात! अख्खी, पाऊण, अर्धी, चतकोर आणि काहीच नाही, अशा पाच पायऱ्या मुले झटकन समजतील. मापाच्या पायऱ्या लोकांच्या रोजच्या व्यवहारातून घेतल्या, तर उत्तर अधिक खरे येण्याचा संभव आहे.

मग दोन भाषांतले माप सारखे आहे, हे ठरवायचे कसे? अभ्यासक यासाठी गणिताचा आधार घेतात. त्याची कल्पना सोपी आहे. एकाच गटातली चार वाक्ये एका जुवाला जुंपलेल्या बैलांसारखी असतात. ती एका चालीने चालली पाहिजेत. ज्याने पहिल्याला मोठा आकडा दिला, त्याने उरलेल्या तिघांनाही साधारण मोठाच दिला पाहिजे. फ्रेंचमध्ये चौघे एका चालीने चालतात आणि दुसऱ्या भाषेत एकजण रस्ता सोडून शेतात शिरतो असे दिसले, तर त्या भाषेत ते वाक्य वेगळे काही बोलते आहे, असे समजावे. चाल सारखी आहे असे ठरल्यानंतर पासंग पाहायचा. दोन्ही सारखे निघाले, तरच "या देशाच्या खेळाडूंची सरासरी त्या देशापेक्षा जास्त" असे म्हणण्याचा अधिकार मिळतो. तोपर्यंत नाही.

अशा तपासणीत मूळ साधनातलेही दोष दिसून आले. काही वाक्ये आपापल्या गटात नीट बसत नव्हती. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २४ वाक्यांची सुधारित प्रश्नावली केली. २००८ साली न्यूझीलंडमध्ये एक निराळीच तयार झाली. आणि २०१३ साली पेलेटिए व सहकाऱ्यांनी आपली प्रश्नावली पुन्हा घडवून ती १८ वाक्यांवर आणली. साधन करणाऱ्यांनीच ते मोडून पुन्हा केले, ही शास्त्राची चांगली रीत आहे.

आता तिसरी अडचण, आणि ती सर्वांत खोल आहे. शब्द जुळले, आकडे जुळले, तरी 'आतले' आणि 'बाहेरचे' यांची सीमा सगळीकडे एकाच जागी असते का?

१९९९ साली शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी अमेरिकेतल्या सात ते नऊ वर्षांच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. मुलांना अक्षरे जुळवून शब्द करण्याची कोडी दिली. काहींना कोडे स्वतः निवडू दिले. काहींना सांगितले, हे तुझ्या आईने निवडले आहे. गोऱ्या अमेरिकन घरांतली मुले स्वतः निवडलेल्या कोड्यावर जास्त रमली. चिनी आणि जपानी वंशाच्या घरांतली मुले आईने निवडलेल्या कोड्यावर सर्वांत जास्त रमली! त्यांच्या लेखी आई ही 'बाहेरची' नव्हतीच.

दुसरे उदाहरण बल्गेरियाचे. तिथल्या अव्वल खेळाडूंचा एक अभ्यास १९९६ साली निघाला; माहिती गोळा झाली होती ती तिथे सरकारी शिस्तीची कडक क्रीडाव्यवस्था असतानाच्या काळात. अपेक्षा अशी असते की, पदके जिंकणाऱ्यांत आतली गोडी अधिक दिसेल. पण तिथल्या पदकविजेत्यांत, कमी यश मिळालेल्यांच्या मानाने, बाहेरच्या बक्षिसाचा आणि दाबाचा भाग अधिक दिसला. अभ्यासकांनी त्याचा संबंध त्या व्यवस्थेशी जोडला. म्हणजे मनाचा आकडा वाचताना ते मन कोणत्या रानात वाढले, हेही वाचावे लागते.

आपल्या मातीतले उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचे आहे. सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. तिथले खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी लोकांनी वर्गणी गोळा केली होती. त्या वेळी त्यांच्या मनात काय होते, ते आपण सांगू शकत नाही आणि सांगूही नये. पण अशा कोणाही पहिलवानापुढे हा कागद ठेवला आणि "माझ्या माणसांच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे म्हणून मी खेळतो" अशा अर्थाचे वाक्य आले, तर तो काय लिहील? मोठा आकडाच लिहील. आणि कागदाचा हिशेब त्याला 'बाहेरच्या दाबाने खेळणारा' या रकान्यात टाकील. ज्या गावाने आपल्या तोंडचा घास काढून वर्गणी दिली, ते गाव त्या पहिलवानाच्या मनाच्या आत आहे की बाहेर? या प्रश्नाचे उत्तर कॅनडात बसून देता येणार नाही. ते इथेच, त्याच माणसाला विचारून शोधले पाहिजे.

असाच प्रश्न आपल्या मुलींचा. आज कितीतरी खेड्यांत पहाटे डांबरी रस्त्यावर मुली धावताना दिसतात. विचारले तर सांगतात, "पोलीस भरतीसाठी." महाराष्ट्रात शासकीय नोकरीत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, हेही त्यांना ठाऊक असते. कागदाच्या हिशेबाने हे झाले बाहेरचे बक्षीस, म्हणजे कच्चे कारण. पण त्या मुलीच्या लेखी ती नोकरी म्हणजे लग्न चार वर्षे पुढे ढकलण्याचा, स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा रस्ता असू शकतो. मग ते कारण लादलेले की स्वतः पत्करलेले? नुसता 'नोकरी' हा शब्द पाहून ठरवता येणार नाही. तिला पुढचा प्रश्न विचारावा लागेल, "नोकरी तुला कशासाठी हवी?" आणि कदाचित तिसराही, "भरती झाली, तरी पळशील का ग?" तिसऱ्या प्रश्नाला ती हसून "हो" म्हणाली, तर गोडीही आत रुजलेली आहे, असे समजायला हरकत नाही.

यावरून कोणी म्हणेल, मग या प्रश्नावल्या टाकूनच द्याव्यात. तसे मला वाटत नाही. तराजूला पासंग आहे म्हणून कोणी तराजू फेकून देत नाही. पासंग पाहून घेतो. चांगल्या प्रश्नावलीचा एक मोठा गुण आहे. आपल्या डोळ्यांना फक्त धावणारे पाय दिसतात, ती धावण्यामागच्या कारणांकडे आपले लक्ष नेते. दोष आहे तो घाईत. परक्या भाषेतला कागद आणायचा, रात्रीत भाषांतर करायचे, शंभर मुलांकडून भरून घ्यायचा आणि सकाळी निकाल लावायचा की, अमुक मुलांत प्रेरणा कमी, त्यांना शिबिरातून वगळा. एका वाकड्या वाक्यापायी एखाद्या पोरीचे मैदान सुटू शकते. त्यातून ज्यांची घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी, त्यांचे नुकसान अधिक. मेळघाटातले कोरकू बोलणारे मूल, सातपुड्यातले भिली बोलणारे मूल, गडचिरोलीतले गोंडी बोलणारे मूल. पुस्तकी मराठीतला कागदही यांच्यासाठी परक्या भाषेतलाच असतो. तेव्हा 'निरनिराळ्या भाषा' म्हटल्यावर आपण लगेच समुद्रापलीकडे पाहू नये. एका जिल्ह्यात, कधी एका वर्गातही, त्या शेजारी-शेजारी बसलेल्या असतात.

शिक्षक मित्रांना शेवटी चार गोष्टी सुचवतो. पहिली : मूल का खेळते, हे कागदावर विचारण्याआधी मैदानावर, त्याच्या बोलीत विचारा, आणि ते जे शब्द वापरील ते वहीत टिपून ठेवा. पुढेमागे कोणी मराठीत अशी प्रश्नावली करू लागला, तर त्याला तुमच्या वहीचा फार उपयोग होईल. दुसरी : कागद भरून घ्यायचाच असेल, तर त्यावर नाव घालू नका आणि तुम्ही स्वतः तो गोळा करू नका, एखाद्या पेटीत टाकू द्या. तिसरी : दोन निरनिराळ्या भाषांच्या मुलांचे आकडे शेजारी ठेवून 'हे सरस, ते निरस' असा निकाल देऊ नका. त्यापेक्षा एकाच मुलाचा यंदाचा आणि पुढच्या वर्षीचा आकडा शेजारी ठेवा. तिथे निदान पायली तीच असते. चौथी : आकड्यावरून कोणालाही मैदानाबाहेर काढू नका. आकडा कमी आला, तर तो त्या मुलाशी जाऊन बोलण्याचा इशारा समजा. जे मूल चार दिवस आले नाही, त्याच्या घरी एक फेरी मारा. ढोरामागे कोणी नव्हते म्हणून ते राहिले असेल, बूट फाटले म्हणून राहिले असेल, किंवा कोणी हसले म्हणून राहिले असेल. "जिद्द नव्हती" हे उत्तर त्यानंतर, आणि अगदी नाइलाज झाला तरच, द्यावे.

आणि आईबापांना एवढेच सांगतो : मूल खेळून घरी आले की "जिंकलास का?" हा प्रश्न आपण विचारतोच. त्याच्या जोडीला "आज काय नवीन जमलं?" हाही विचारून पाहा. मूल कोणत्या प्रश्नाला अधिक वेळ उत्तर देत बसते, ते लक्ष देऊन ऐका. त्याच्या मनाचे माप घ्यायला घरातल्या घरात एवढी सुरुवात पुरेशी आहे.